अर्ध्या मार्काचं अंदमान

अंदमानला जायचं असेल तर आधी आमच्याकडे यायचं, ही डोंबिवली पश्चिमेतली तीस वर्षांची रीत आहे. लोक बेल वाजवतात, चपला दाराबाहेर काढतात, सोफ्यावर टेकतात आणि माझी बायको मंदाकिनी त्यांना सल्ला देते. चहा मी करतो. अंदमानच्या नावाने मी आजवर जेवढा चहा उकळला, तेवढ्यात एखादी लहान होडी सहज तरंगेल.

मंदाकिनी शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण आवाज अजून वर्गातलाच आहे. "लिहून घ्या," ती म्हणते, आणि साठीचे बँक मॅनेजर मांडीवर वही ठेवून लिहून घेतात.

"तिथे सूर्य आपल्यापेक्षा तास-सव्वातास आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. हिवाळ्यात पाच वाजता दिवस संपला. तेव्हा पहाटे साडेचारला उठायचं. दुपारी झोपणारा माणूस अंदमानला जाऊन नुसता अंधार बघून येतो. बेटांमधल्या बोटीचं तिकीट विमानाच्या तिकिटाबरोबरच काढायचं. बोटीत भरल्या पोटी बसायचं नाही आणि रिकाम्या पोटीही बसायचं नाही. दोन इडल्या. फोनला रेंज असेलच असं धरून चालू नका, थोडी रोकड खिशात असू दे. परतीच्या आदल्या दिवशी मोठ्या बेटावर येऊन राहा. समुद्र खवळला तर बोट सुटत नाही, आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही. शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलायचे नाहीत. विमानतळावर काढून घेतात आणि वर चार शब्द ऐकवतात."

शेवटी ती पाहुण्यांकडून बेटांचा कच्चा नकाशा काढून घेते, आणि त्यावर उत्तर दिशेचा बाण आहे की नाही ते बघते. हा तिचा जुना नियम. नकाशावर उत्तरेचा बाण नाही तर अर्धा मार्क गेला. आमच्या पाहुण्यांना मार्क नसतात, पण बाण काढल्याशिवाय ती कुणाला उठू देत नाही. एकदा मी स्वयंपाकघरातल्या डब्यांचा तक्ता करून कपाटावर लावला, तर दुसऱ्या दिवशी त्यावरही लाल शाईचा बाण होता. आमच्या घरात हरभऱ्याची डाळ ईशान्येला असते.

तर लोक लिहून घेतात, जाऊन येतात आणि पेढे घेऊन सांगायला येतात, "बाई, अगदी तुम्ही सांगितलंत तस्संच होतं हो सगळं!"

यात अडचण एकच होती. मंदाकिनी अंदमानला कधीही गेली नव्हती.

हे फक्त मला माहीत होतं. मी ठाण्याच्या कोर्टात नकला काढून देण्याच्या विभागात छत्तीस वर्षं काढली. खोटी साक्ष म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. पण घरच्या साक्षीदाराची उलटतपासणी करायची नसते, हेही मी तिथेच शिकलो.

भानगड सुरू झाली पंच्याण्णव साली. आठवीची सहामाही होती. प्रश्न होता, भारताचा नकाशा काढून त्यात अंदमानची प्रवाळ बेटे दाखवा व योग्य रंग भरा. धम्मपाल नावाच्या मुलाने बेटं अचूक दाखवली आणि तपकिरी रंगवली. मंदाकिनीने अर्धा मार्क कापला. पेपर वाटल्यावर तो पोरगा उभा राहिला. बासष्ट मुलांच्या वर्गात उभं राहून तो म्हणाला, "बाई, तपकिरी का चूक?"

"तपकिरी म्हणजे डोंगर. प्रवाळ लाल असतं."

"तुम्ही पाहिलंय का, बाई?"

 मंदाकिनीने प्रवाळ पाहिलं होतं ते माझ्या आईच्या अंगठीतलं. मंगळासाठी घातलेलं पोवळं, तुरीच्या दाण्याएवढं. पण बासष्ट मुलांसमोर सासूची अंगठी काढायची कशी?

"हो," ती म्हणाली. "मी पाहिलंय."

झालं. संध्याकाळपर्यंत बासष्ट घरांत बातमी गेली की भूगोलाच्या बाई अंदमानला जाऊन आल्या. आठवड्याभरात पहिले पालक बेल वाजवून आत आले. त्या दिवशी नाही म्हणायला हवं होतं. पण ते विचारत होते ते अगदी सोपं होतं, आणि मंदाकिनीला सोप्या प्रश्नाचं उत्तर पोटात ठेवता येत नाही. ती म्हणायची, "अहो, यात जायचंय कशाला? अ‍ॅटलास उघडा. ठाणे त्र्याहत्तर रेखांशावर, अंदमान त्र्याण्णववर. वीस अंश. अंशाला चार मिनिटं. ऐंशी मिनिटं झाली. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. मग सूर्य पाचला मावळणार नाही तर काय करणार बिचारा?"

म्हणजे सल्ले सगळे खरे. फक्त सल्ला देणारी खोटी.

तेवढ्यावर भागलं असतं. पण त्या अर्ध्या मार्काने धम्मपालचा पहिला नंबर गेला आणि शौनकचा आला. शौनक आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा, अजूनही राहतो. त्याच्या पेटीत चोवीस रंग होते. बक्षीस समारंभात त्याला जाडजूड अ‍ॅटलास मिळाला. सध्या तो त्यांच्या वॉशिंग मशीनच्या डाव्या पायाखाली आहे.

त्या समारंभाला धम्मपालची आई रमाबाई निळी साडी नेसून आली होती. रमाबाई सरकारी दवाखान्यात आया होत्या, राहायच्या कोपरला. त्या भांडल्या नाहीत, मुख्याध्यापकांकडेही गेल्या नाहीत. त्यांनी त्याहून वाईट केलं. कोपरच्या भाजीबाजारात मंदाकिनी दिसली की त्या थांबायच्या, हसायच्या आणि विचारायच्या, "काय बाई, बऱ्या आहात ना? प्रवाळ लालच ना?"

"लालच," मंदाकिनी म्हणायची आणि वांगी न घेताच घरी यायची.

तीस वर्षं. मी त्यापायी किती वांग्यांना मुकलो याचा अंदाज वाचकांनी करावा.

पुढे कुठल्याशा पुस्तकात तिने वाचलं की जिवंत प्रवाळ बहुतेक ठिकाणी तपकिरी, मातकट, पिवळट दिसतं. टीव्हीवर दाखवलं ते गुलाबी आणि लालभडक. पण ते पाण्याखाली दिवे सोडून काढलेलं. नेमकं काय? मग तिने परत येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा सपाटा लावला.

"प्रवाळाचा रंग कसा होता?"

"छान होता."

"छान म्हणजे कुठला?"

"म्हणजे मस्त. एकदम मस्त होता, बाई."

फोटो मागितले तर फोटोत त्यांचंच तोंड, तोंडावर तो पाण्यातला चष्मा, समोर दोन अंगठे आणि मागे, अंगठ्यांच्या फटीतून, जगातली एक प्राचीन सजीव सृष्टी नखाएवढी. शौनक जाऊन आला तेव्हा तिला आशा होती. चोवीस रंगांचा मुलगा.

"रंग? बाई, खरं सांगू का, त्या दिवशी मला बोट लागलेली. मी किनाऱ्यावरच बसलेलो. पण तिथे एक बाई मॅगी करते ना, तुम्हाला सांगतो..."

त्याने वीस मिनिटं मॅगी सांगितली. डोंबिवलीहून शेकडो माणसं प्रवाळावर तरंगून आली आणि एकालाही रंग सांगता येईना. स्वतः जाऊन बघावं, तर गेलेल्या माणसाने पहिल्यांदा जायचं कसं? तिकीट काढलं की कुणीतरी विचारणार, "बाई, परत?" आणि परत या शब्दावर तिचा चेहरा पडणार. असं ते खोटं स्वतःच्याच दारात आडवं झोपलं होतं.

गेल्या दिवाळीनंतरच्या रविवारी बेल वाजली. दारात धम्मपाल. आता त्रेचाळीस-चव्वेचाळीसचा. कोलशेतला एका रंगाच्या कंपनीत प्रयोगशाळा सांभाळतो. गिऱ्हाइकाने विटेचा तुकडा आणून दिला तरी त्या रंगाचा डबा बनवून देणारा माणूस. वडील चांगदेव त्याच भागात कारखान्यात पाळ्या करून गेले.

"बाई, आईला त्र्याहत्तरावं लागलं," तो म्हणाला. "मी विचारलं, आई, तुला कुठे जायचंय? मला वाटलं बोधगया बोलेल. ते आधीच दोनदा झालंय. तर बोलली, अंदमान. समुद्राच्या खालचं बघायचंय. आणि बोलली, बाईंना बरोबर घे. त्यांनी पाहिलेलं आहे, त्या नीट दाखवतील."

मी स्वयंपाकघरात होतो. चहा उतू गेला.

"काका पण पाहिजेत हां," धम्मपाल आत डोकावून म्हणाला. "माझी बायको मेघना आहे, मी आहे, सगळं बघू आम्ही. तुम्ही फक्त गाईड करा, बाई."

तो गेल्यावर मी म्हणालो, "मंदा, गुडघे दुखतात म्हणून सांग. खरंच दुखतात, खोटंही होणार नाही."

"जायचं."

"अगं पण..."

"अहो, जायचं. मला रंग बघायचाय."

"लाल निघाला तर?"

"तर रमाबाईंना दाखवीन आणि पोटभर वांगी आणीन."

"आणि तपकिरी निघाला तर?"

 तिने समोरची मेथी निवडायला घेतली आणि पानं टाकून काड्या ठेवल्या. तपकिरी निघाला तर तिला त्या बाईच्या तोंडावर सांगावं लागणार होतं, आणि सांगितल्याशिवाय ती राहणार नव्हती, हे मला माहीत होतं. अर्धा मार्क चुकून जास्त दिला तर रात्री उठून बसणारी बाई ती.

तिकिटं काढायला स्टेशनजवळ सुदेशकडे गेलो. सुदेश सहली नेतो. त्याने सुट्ट्यांचं कोष्टक समोर ठेवलं. "बाई, हा बघा लाँग वीकेंड, मस्त बसतोय."

"त्या महिन्यात अष्टमी कधी आहे?"

"अष्टमी? अंदमानला पंचांग नाय बघत कोण, बाई."

"अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तळाचा गाळ वर येतो. अष्टमीच्या पुढेमागे भरती-ओहोटीचा जोर कमी. आपल्या खाडीवरचे लोक त्याला भांग म्हणतात. पाणी निवळ असतं. मला तळ बघायचाय, लाटा नाही."

सुदेशने आदराने मान हलवली आणि संगणकात आमच्या नावापुढे लिहिलं, 'धार्मिक ग्रुप, कांदा-लसूण विचारणे.'

बातमी फुटली आणि आमच्या घरात उलटा ओघ सुरू झाला. इतकी वर्षं जे सल्ला घेऊन गेले, ते सल्ला परत करायला आले. तळमजल्यावरच्या हेमांगीने इलेक्ट्रिक किटली आणून दिली. "मेतकूट-भात होतो हो हिच्यात. तिकडचं तेल सोसत नाही." कुणी म्हणालं मासे खाऊ नका, कुणी म्हणालं मासेच खा. कुणी दोन किलो चिवडा न्यायला सांगितला, कारण समुद्रावर भूक लागते. कुणी न्यायचा नाही म्हणालं, कारण समुद्रावर चिवडा सादळतो. शौनक आला आणि दारातच म्हणाला, "बाई, तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर आधीच जाऊन आलेल्या," आणि मग चाळीस मिनिटं सांगत बसला. त्यात मॅगी पुन्हा होती. तेव्हा मला समजलं की माणूस पृथ्वीच्या कुठल्याही टोकाला गेला तरी मुख्यतः जेवायला जातो, आणि जाऊन आलेल्या माणसाइतका निरुपयोगी माणूस सल्ल्याच्या कामी दुसरा नाही.

निघालो. विमानात काही झालं नाही. बोटीत झालं. दोन इडल्यांचा नियम मला माहीत होता, पण चटणी चांगली होती म्हणून मी चार खाल्ल्या. पुढचा दीड तास मी भूगोलाला मानलं.

खरा वैताग वेगळाच होता. धम्मपाल प्रत्येक वळणावर कौतुकाने विचारायचा, "बाई, तेव्हा पण असंच होतं?"

"बरंच बदललंय," मंदाकिनी म्हणायची.

हे उत्तर भूतलावरच्या कुठल्याही जागेला चालतं, हे मी नोंदवून ठेवलं आहे. जेट्टीवर, जेलच्या दारात, नारळवाल्यापाशी, तिने तीन दिवसांत ते अकरा वेळा वापरलं. प्रत्येक वेळी रमाबाई पदराने मान पुसत तिच्याकडे बघायच्या. बघायच्या आणि हसायच्या. मला त्या हसण्याची भीती वाटायला लागली.

चौथ्या दिवशी, अष्टमीला, सकाळी सात वाजता आम्ही हॅवलॉक बेटाच्या एका किनाऱ्यावर उभे होतो. पाणी काचेसारखं. तिथे एक फॉर्म भरून द्यायचा होता. नाव, वय, आजार, आणि शेवटचा रकाना, पूर्वी समुद्रात चष्मा-नळी लावून उतरला आहात काय? सगळ्यांचे फॉर्म धम्मपालनेच भरले. बाईंच्या फॉर्मवर त्याने न विचारता 'होय' केलं.

मग तिथल्या प्रशिक्षकाने दोन रांगा केल्या. नवे लोक इकडे, त्यांना पंधरा मिनिटं शिकवणार. जुने तिकडे, त्यांनी सरळ पाण्यात जायचं. मंदाकिनी जुन्यांच्या रांगेत गेली. रांगेत ती एकटीच होती.

मी जाऊन हळूच म्हणालो, "मंदा, त्या नळीतून श्वास कसा घ्यायचा, ठाऊक आहे का?"

"वाचलंय."

"पोहायला येतं का?"

"टायर असतं ना कमरेला."

"अगं, जीव जाईल एखाद वेळी. अर्ध्या मार्कापायी!"

"हळू बोला," ती म्हणाली. पण तो डोळ्यांवरचा चष्मा तिने उलटा धरला होता.

तेवढ्यात नव्यांच्या रांगेतून रमाबाईंनी हाक मारली, "बाई, अहो या इकडे माझ्याशेजारी! ऐकलेलं परत ऐकायला काय जातं आपलं?"

मंदाकिनी गेली. मुकाट्याने, वर्गात उशिरा आलेल्या मुलीसारखी. नाकाने नाही, तोंडाने श्वास घ्यायचा. पाणी आत गेलं तर जोरात फुंकायचं. पायाखाली प्रवाळ असेल तिथे उभं राहायचं नाही, ते मरतं. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून फुंकत होत्या. दोघींच्या गालांचा फुगा होत होता. मेघनाने फोटो काढला. त्यात अंगठे नाहीत, हे विशेष.

मी पाण्यात उतरलो नाही. माझ्याकडे पाच जणांच्या चपला, तीन चष्मे आणि हेमांगीची किटली होती. ती आम्ही किनाऱ्यावर का आणली, हे आजतागायत कुणी सांगू शकलेलं नाही. मी बघत होतो. केशरी जॅकेटं घातलेल्या दोन म्हाताऱ्या, टायरला धरून, एकमेकींच्या हातात हात अडकवून पुढे जात होत्या. प्रशिक्षक दोरीने ओढत होता. मग दोघींनी डोकी पाण्यात घातली.

एक मिनिट गेलं. दोन. पाच. डोकी वर येईनात. नळ्या तेवढ्या दिसत होत्या. मी उभा राहिलो, बसलो, पुन्हा उभा राहिलो. एका काकांनी मला, "बसा हो, समोरचं दिसत नाही," म्हणून दटावलं. किनाऱ्यावर निम्मा ठाणे जिल्हा होता.

अखेर एक डोकं वर आलं. नळी तोंडातून काढली, आणि तीस वर्षं वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज समुद्रावरून आला,

"धम्मपाल! तपकिरी आहे रे!"

निम्म्या ठाणे जिल्ह्याने चमकून पाहिलं. काय तपकिरी आहे, ते कुणालाच कळलं नाही.

बाहेर आल्यावर ती वाळूत ताठ बसली. केसांतून पाणी गळत होतं. मेघनाने तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला. रमाबाई समोर बसल्या, धम्मपाल नारळ घेऊन आला. मंदाकिनीने नारळ बाजूला ठेवला.

"धम्मपाल, खाली काय रंग दिसला तुला? तू यातला माणूस आहेस."

"तपकिरीच, बाई. म्हणजे काही ठिकाणी मोहरीसारखा, काही ठिकाणी शेवाळी झाक. एखादं जांभळट पण होतं. पण बेस तपकिरी."

"लाल?"

"नाय दिसला."

"मी पंच्याण्णव साली प्रवाळ पाहिलेलं नव्हतं," मंदाकिनी म्हणाली. "मी अंदमानलाच आले नव्हते. ही पहिली वेळ. माझ्या सासूबाईंच्या अंगठीत पोवळं होतं, ते तेवढं पाहिलं होतं. मी तुझ्याशी खोटं बोलले आणि तुझा अर्धा मार्क कापला."

धम्मपाल हसायला लागला. "बाई, मस्करी करता काय?"

"नाही."

"पण मग... अहो, अख्खी डोंबिवली तुम्ही इकडे पाठवलीत!"

"पत्ता बरोबर होता ना?" ती म्हणाली. पण लगेच ती मुद्द्यावर आली. "शौनक पहिला आला. तू यायला हवा होतास बरोबरीने. मी न बघता चूक म्हटलं."

धम्मपाल वाळूत बोटाने रेघा मारत बसला. मग म्हणाला, "बाई, खरं सांगू? मला तरी कुठे माहीत होतं. माझ्या पेटीत तपकिरी पेन्सिल तेवढीच उरलेली. ती कोण वापरत नाय ना, म्हणून लांब राहते. लाल असती तर मी पण लालच केला असता. जाऊ द्या ना. अर्धा मार्क तो काय..."

"जाऊ द्या कसं?"

हे रमाबाई म्हणाल्या. चार दिवसांत त्या पहिल्यांदा हसत नव्हत्या.

"ह्याचा बाप त्या वर्षी दोन-दोन पाळ्या करायचा. पोरगा पहिला येणार म्हणून मी साडी घेतलेली. निळी. तिसऱ्या रांगेत बसलेले मी. नाव दुसऱ्याचं पुकारलं तेव्हा टाळ्या पण वाजवल्या, हे हात बघा, ह्या हातांनी. जाऊ द्या कसं? बाई, तुम्ही पेपर तपासताना कारण विचारलेलं का, की रंग का दिलास?"

"नाही," मंदाकिनी म्हणाली. "रंग विचारला होता. रंग बरोबर आहे."

"मग मार्क द्या."

"देते. पण पेपर कुठाय आता? तीस वर्षं झाली."

रमाबाईंनी आता नारळ उचलला, एक घोट घेतला. "माझ्याकडे आहे. पालकाची सही आणायला घरी दिलेला ना तुम्ही. सही केली, परत दिलाच नाही."

मंदाकिनी ताडकन उठली. "तो पेपर तुमच्याकडे होता? अहो, मी आठ दिवस शाळेची कपाटं उपसत होते! बासष्टपैकी एकसष्ट भरत होते!"

"मग शोधा की," रमाबाई म्हणाल्या. "मी पण तीस वर्षं शोधत होते. लाल प्रवाळ."

आणि तेव्हा त्या दोघी हसल्या. मी आणि धम्मपाल एकमेकांकडे बघत राहिलो. आमच्यापैकी कुणालाही हसायला बोलावलेलं नव्हतं. उठताना रमाबाईंनी वाळूतला प्रवाळाचा एक वाळका पांढरा तुकडा उचलला, तर मंदाकिनीने तो काढून घेऊन पाण्यात टाकला. "कायदा आहे." "पुरावा झाला असता हो बाई." "पुरावा नको, मी कबूल केलंय ना!"

परत आल्यावर पहिल्या रविवारी आम्ही कोपरला गेलो. मंदाकिनीने वाटेत लाल शाईचं नवं पेन घेतलं. दुकानदाराने जेल पेन दाखवलं, ते तिने नाकारलं. धम्मपालच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली त्याच्या पदवीचा फोटो. रमाबाईंनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. वर ती निळी साडी, तिच्या घडीत पेपर. कडा पिवळ्या पडलेल्या, पण तपकिरी बेटं जशीच्या तशी.

रमाबाईंनी टेबल पुसलं. पेपर ठेवला. मेघना, धम्मपाल, मी, सगळे उभे. चहाचं कुणी नाव काढलं नाही, हे माझ्या आयुष्यात प्रथमच.

मंदाकिनीने चष्मा पुसला. जुन्या फुलीवर आडवी रेघ मारली. शेजारी अर्धा लिहिला, बेरीज खोडून नवी बेरीज केली, खाली सही, तारीख. मग जरा थांबून पेपराच्या डोक्यावर लिहिलं, 'संयुक्त प्रथम.'

"म्हणजे दोघं पहिले?" रमाबाईंनी विचारलं.

"दोघंही. शौनकला मी कळवते."

"कळवाच," रमाबाई म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

मंदाकिनी पेनाला टोपण लावणार, तेवढ्यात तिचा हात नकाशावर थांबला. मी तिच्या खांद्यावरून पाहत होतो. किनारा सुरेख काढलेला. बेटं जागच्या जागी. सूची आहे. आणि नकाशाच्या चारी कोपऱ्यांत कुठेही उत्तर दिशेचा बाण नाही.

पंच्याण्णव साली तिच्या नजरेतून हे निसटलं होतं. तपकिरी रंगाच्या संतापात निसटलं असणार. नियम नियम होता. त्या नियमापायी आमची हरभऱ्याची डाळसुद्धा ईशान्येला गेली होती. लाल पेनाचं टोक नकाशापासून वीतभरावर थांबलं. तिने पेपराकडे पाहिलं, मग रमाबाईंकडे. रमाबाई पेटीतली निळी साडी उगाच सारखी करत होत्या.

मंदाकिनीने पेनाला टोपण लावलं.

रिक्षात बसल्यावर मला राहवेना. "मंदा," मी म्हणालो, "त्या नकाशावर उत्तरेचा बाण नव्हता."

"होता," ती समोर बघत म्हणाली. "मी पाहिलाय."